त्रेचाळीस घरं

गावाचं नाव लिहीत नाही. बार्देशातलं आहे,
फेरीच्या धक्क्यापासून पंधरा मिनिटांवर.
सहा जणांचे बेडके आले बर्फाच्या पेटीतून
वर बांबोळीच्या पठारावर, माझ्या टेबलाशी,
आणि सोबत पंचायतीचं पत्र, शिक्क्यासकट:
'भाड्याच्या खोल्यांतील भायल्यांमुळे
वाड्यावर क्षय पसरला आहे.
तरी खात्री करून द्यावी.'

तरी.
म्हणजे ठरलेलंच होतं. माझी फक्त सही हवी होती.

आधी सहा आठवडे थांबावं लागतं.
अंड्याच्या हिरव्या उतारावर ते उगवतात सावकाश,
पोदेराच्या पांटल्यात तळाशी उरलेल्या
चुऱ्यासारखे: पिवळट, खरबरीत.
घाई त्यांना कधीच नव्हती.

मग गरम पाण्यात मारायचं,
आतला धागा सोडवून घ्यायचा,
त्याच्या प्रती काढायच्या, पडद्यावर उतरवायच्या,
आणि काळोख्या खोलीत फिल्म धुवायची.
प्रत्येक माणसापुढे त्रेचाळीस घरं,
काही काळी, काही कोरी.
मला ती पहिल्या दिवसापासून
हाउसीच्या तिकिटासारखी दिसतात.
मावशीकडे आम्ही आकड्यांवर चिंचोके ठेवायचो.

सहा ओळी. पाच सारख्या.
एकवीस ते चोवीस कोरी,
तेहतीस ते छत्तीस कोरी.
बावीस, बदकं दोन, पाचांपैकी कुणाकडेच नाही.
दुसऱ्या पद्धतीनेही ताडून पाहिलं. तेच.

सहावी ओळ यमनूरप्पाची.
वय एकोणीस, गवंड्याच्या हाताखाली, बागलकोटकडचा.
भायलो तो हाच.
त्याची ओळ कुणाशीच जुळत नव्हती.
बावीस होता त्याच्याकडे, ठळक.

पाच जणांत काय एक आहे
ते विचारायला दुलसिना गेली, आरोग्यसेविका.
देऊळ नव्हे, इगर्जही नव्हे: दोन शिरोडकर, तीन किरिस्तांव.
बाव वेगळी, दुकान वेगळं.
शेवटी एका म्हातारीने बटव्यातून
पेन्सिलीचं थोटूक काढून दाखवलं.
शनिवारची हाउसी. क्लबाचा हॉल.
डास येतात म्हणून जनेलं बंद,
आणि आकडे पुकारायला इनास कुलासो,
तीस वर्षं बोटीवर कुक, आवाज असा
की शेवटच्या बाकावर बहिऱ्यालाही कळावं.
मध्ये मध्ये खोकतो. दोन वर्षं झाली.
'सिगारेटीचो,' तो म्हणाला.

यमनूरप्पाही गेला होता एकदा, दहाची नोट घेऊन.
दारातच सांगितलं त्याला, हें गांवच्यांखातीर.

हसू आलं मला. मग नाही आलं.

अहवालात मी इनासचं नाव घातलं नाही.
फिल्म एवढंच सांगते की पाच ओळी एक आहेत.
कुणाकडून कुणाकडे, ते सांगत नाही.
बाण माणसं काढतात.
मी लिहिलं: 'नमुना क्रमांक सहा
या साखळीतला नाही.'
'नाही'खाली रेघ मारली.
नियमात बसत नाही, पण मारली.

पत्र पोचायला अकरावा आठवडा उजाडला.
खोल्या त्याआधीच रिकाम्या केल्या होत्या,
चुलीच्या तीन विटासुद्धा उचलून नेल्या कुणीतरी.
पाच जण गोळ्या घेतायत. इनासचं वजन वाढलं,
हॉलची जनेलं आता उघडी असतात, दुलसिना सांगते,
आणि पुकारायला दुसरा कुणी आहे, त्याचं काही ऐकू येत नाही.

यमनूरप्पाच्या कार्डावर शेरा: पत्ता नाही.
दोन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या, चार महिन्यांच्या राहिल्या.

त्याची ओळ माझ्या खणात आहे.
नवीन फिल्म धुतली की
आधी तिच्याशेजारी धरून बघते,
उजेडाकडे.
अजून कुणी जुळलेलं नाही.
कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये
हेच तिकीट हातात असलेलं कुणीतरी
असणारच.